अभ्यासवर्गाच्या ताईंसाठी परिषद भरवताय? मग एवढं कराच

परवा एका परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘वाचन शिकवताना’ या सत्राला दीड तास दिला होता. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला आली अठरा मिनिटं, आणि त्यातली चार माइकचा सेल बदलण्यात गेली. हे आपोआप घडत नाही, त्याला बारकाईचं नियोजन लागतं. वस्त्यांमध्ये संध्याकाळचे अभ्यासवर्ग घेणाऱ्या ताई-दादांसाठी यंदा पहिल्यांदाच परिषद भरवायला निघालेल्या संस्थांनाही ते जमावं, म्हणून हे मार्गदर्शन. मानधन नको. शाल तर अजिबात नको.

तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलीच धरा. वर्षभर प्रशिक्षणाकडे ढुंकून बघायचं नाही. 31 मार्च जवळ आला आणि ‘खर्च दाखवायचाय’ असा फोन आला, की हॉल बुक करायचा. मुलांची वार्षिक परीक्षा तेव्हाच तोंडावर आलेली असते, हे तर उत्तमच. वार मधला घ्या, बुधवार वगैरे. वेळ दहा ते सहा. वर्ग पाचला भरतो, तो त्या दिवशी भरणार नाही. मुलं येतील, कुलूप बघतील आणि परत जातील. त्याच वेळी हॉलमध्ये शेवटचं सत्र रंगात आलेलं असेल: ‘मुलांची नियमित उपस्थिती कशी टिकवावी’.

हॉल बसच्या शेवटच्या थांब्याच्या पुढे दोन किलोमीटरवर घ्या. निसर्गरम्य पाहिजे ना.

उद्घाटनाला मंचावर सहा पाहुणे तरी हवेतच. एकेकाचा परिचय तीन मिनिटं, सत्कार दोन मिनिटं, झाला अर्धा तास. पर्यावरणाची चाड म्हणून हाराऐवजी कुंडीतलं रोप द्या; जाताना ते सगळे खुर्चीखाली ठेवून जातात, म्हणजे पुढच्या परिषदेलाही चालतं. समई नेमकी पंख्याखाली मांडा आणि वाती तेलात पार बुडवून ठेवा. पहिली काडी विझेल, दुसरी विझेल, मग पंख्याचं बटण कुठलं याचा शोध सुरू होईल, शिपाई येईल, आधी सगळे दिवे घालवेल आणि मग पंखा. तोवर सहाही जण एकाच मेणबत्तीला हात लावून कॅमेऱ्याकडे बघत उभे.

भाषणं प्रत्येकी दहा मिनिटं. सुरुवात सावित्रीबाईंपासूनच व्हावी. फक्त जोतीराव-सावित्रीबाईंनी 1855 साली रात्रशाळा काढली होती, हे कुणी बोलू नये. दिवसभर राबणाऱ्यांना त्यांच्या सवडीच्या वेळी शिकवायचं, हेच काम समोर बसलेल्या ताई करतात. उगाच त्यांना वाटायचं की आपलंही काही नातं आहे त्या परंपरेशी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचंही नाव घ्यावं, पण घाईत. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या दोघींनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, या तपशिलात शिरू नये. रोज साडेचारला गल्लीतून हाका मारत, एकाला पाण्याच्या रांगेतून आणि एकीला धाकट्या भावासकट उचलून आणणाऱ्या बाईला ते ऐकून काय वाटेल, सांगता येत नाही.

एका वक्त्याने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 समजावून सांगावं. शिक्षकाला वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी हवी, असं त्यात आहे, हे दोनदा सांगावं. वस्तीतली ताई कागदोपत्री शिक्षकांत मोडत नाही, हे एकदाही सांगू नये. स्लाइड इंग्रजीत.

पावणेअकराला दिवा लागला तर आभारापर्यंत बरोबर साडेबारा होतात. आता कुठे अकराचं सत्र सुरू करायचं. पण त्याआधी वातावरण हलकं व्हायला हवं, म्हणून ‘पाऊस’ पाडा: एका बोटाची टाळी, दोन बोटांची टाळी, तीन बोटांची टाळी. बारा मिनिटं. हा खेळ या बाया दर आठवड्याला मुलांना घेतात, तुमच्यापेक्षा बरा घेतात.

आता वाचनाचं सत्र. एकला जेवण आहे, कॅटरर थांबत नाही, त्यामुळे ‘थोडक्यात आटपा’ अशी चिठ्ठी सत्र सुरू व्हायच्या आधीच द्या. थोडक्यात काय आटपायचं असतं, हे आयोजकांना माहीत असायचं कारण नाही, तरी सांगून ठेवतो. वर्गात तीस मुलं, पहिली ते सातवीची, दहा बाय बाराच्या खोलीत. कोण कुठल्या पायरीवर आहे ते आधी बघावं लागतं: अक्षर ओळखतो, शब्द वाचतो, चार ओळींचा उतारा वाचतो, की गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं धरली तर तीस मुलांना अडीच तास. वर्गच दोन तासांचा. म्हणजे चाचणी एका दिवसात होत नाही. रोज सहा मुलं घेतली तर पाच दिवस लागतात. आणि त्या पाच दिवसांत ताई कोपऱ्यात एकाला वाचायला लावत असताना बाकीच्या एकोणतिसांनी काय करायचं? खरा प्रश्न हा आहे. तो अठरा मिनिटांत विचारूनसुद्धा होत नाही.

मग पोर अडतं कुठे? बाराखडीवर अडत नाही. ‘क का कि की’ ते आगगाडीसारखं म्हणतं. फळ्यावर एकटा ‘कु’ लिहा, की मनातल्या मनात ‘क’पासून मोजत येतं; बोटं हलताना दिसतात. म्हणून काना-मात्रा क्रम मोडून, दोन-दोन स्वरचिन्हं घेऊन शिकवायची, आधी काना आणि दुसरी वेलांटी, पहिली वेलांटी मागाहून. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, त्यामुळे नवं वाचणारं मूल ती मागच्या अक्षराला चिकटवतं आणि ‘गणित’चं ‘गिणत’ होतं. ताई म्हणते लक्ष नाही. लक्षच आहे त्याचं, डावीकडून उजवीकडे दिसेल तसं तो वाचतोय! रफाराचं उलटं. ज्या अक्षराच्या डोक्यावर बसलाय त्याच्या आधी म्हणायचा, म्हणून ‘गर्दी’ची ‘गद्री’. आणि ‘र’चं जोडाक्षर चार तऱ्हांनी लिहितात: प्रकार, राष्ट्र, सूर्य, दऱ्या. ही चार चिन्हं म्हणजे एकच ‘र’ आहे, हे मुलांना कुणी तरी एकदा नीट दाखवावं लागतं, फळ्यावर, शब्दांच्या ढिगातून निवडायला लावून. त्याला वीस मिनिटं लागतात. तुमच्याकडे शिल्लक चौदा आहेत, आणि त्यातही प्रोजेक्टरवर व्हिडिओ लावायचा आहे, ज्याला आवाज नाही!

गणिताचं सत्र जेवणानंतर, पडदे ओढून. 52 वजा 27 मुलं 35 का लिहितात, हे कळायला खरं तर अंधार लागत नाही, काड्या लागतात. आपणच शिकवलेलं असतं ‘मोठ्यातून लहान काढ’, म्हणून पोर इमानाने सातातून दोन काढतं. दहा-दहाच्या पाच जुड्या, वर दोन सुट्या काड्या. त्यातून सात दे म्हटल्यावर पोराने स्वतःच्या हाताने एका जुडीचं रबर काढायचं. सुट्या बारा झाल्या, जुड्या उरल्या चार. ते रबर निघतं तेव्हाच हातचा कळतो. एका गटाला शंभर काड्या आणि दहा रबरं, खर्च चहाच्या खर्चाहून कमी. तुम्ही मात्र स्लाइडवर काड्यांचं चित्र दाखवा.

मग गटकार्य. आठ गट, आठ चार्ट पेपर, चालणारा मार्कर एक. आठही गट लिहितात ‘पालकांचा सहभाग वाढवणे’. आठही वाचून दाखवायचे. कागद संध्याकाळी नाश्त्याच्या टेबलावर अंथरायला येतात.

जेवणाचं टेबल भिंतीला चिकटवून लावा. 110 माणसं, वाढून घ्यायला प्रत्येकी वीस सेकंद, एकच रांग: सदतीस मिनिटं. टेबल हातभर पुढे ओढलं तर दोन्ही बाजूंनी रांग लागते आणि वेळ निम्मा होतो, पण मग धक्काबुक्कीची मजा जाते.

चहाची सुट्टी पंधरा मिनिटं. 110 जणांत बायका 95. बायकांचे संडास दोन. एकीला तीन मिनिटं धरा, पंधरा मिनिटांत दहा जणी होतात. सगळ्या व्हायला जवळपास अडीच तास लागतील. म्हणून या बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत, दुपारी डोकं धरून बसतात, आणि सूत्रसंचालक माइकवरून म्हणतो, ‘काय ताई, जेवण जास्त झालं वाटतं!’ हसायचं असतं. हसतात बिचाऱ्या.

प्रवासखर्च मागितला तर शेअर रिक्षाची पावती आणायला सांगा. एसटीत बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा सरसकट निम्मा खर्च मंजूर करा. पुण्यातल्या पीएमपी बसला ती सवलत लागू नाही, हे कुणी सांगेपर्यंत हिशेब बंद झालेला असतो.

अभिप्रायाचा फॉर्म क्यूआर कोडवर द्या, जेवणाच्या आधीच भरून घ्या. प्रमाणपत्र शेवटी, तेही फॉर्म भरलेला दाखवल्यावर.

तर अशी परिषद. अहवालात 110 लाभार्थी, फोटो चाळीस, समाधान पाचपैकी साडेचार.

आता पुरे. कुणासाठी केलंत हे सगळं? शाल घेणाऱ्यांसाठी, देणाऱ्यांसाठी आणि फोटो मागवणाऱ्यांसाठी. वर्ग घेणारी बाई त्यात फक्त खुर्ची भरायला. ती सकाळी दोन घरची कामं उरकून, एक खाडा सोसून, दोन बस बदलून आली होती, कारण तिच्या वर्गातली तीन पोरं पाचवीत जाऊनही वाचत नाहीत आणि तिला कुणी तरी सांगावं असं वाटत होतं की त्यांचं काय करू. तुम्ही तिला कुंडी दाखवलीत. लाज वाटायला हवी. आणि पैसा नाही म्हणू नका. सहा शाली, सहा कुंड्या, एक फ्लेक्स, एक ढोल पथक, एवढ्यात 110 जणांना काड्या-रबरांची पिशवी घरी नेता आली असती. हॉल नको, एखादी शाळा घ्या. चार खोल्या, एका खोलीत सत्तावीस-अठ्ठावीस जण. प्रत्येक खोलीत दहा वर्षं वर्ग घेतलेली एक ताई शिकवायला, वक्ता नको. शेजारच्या वस्तीतली सहा मुलं बोलवा, पालकांना विचारून, आणि ताईंसमोर त्या मुलांची चाचणी करून दाखवा, चुकली तरी चालेल. चुकलेलीच जास्त कामाची. साडेनऊला सुरू, मध्ये अर्धा तास सुट्टी, दीडला बंद. तीन आठवड्यांनी कुणी तरी तिच्या वर्गावर जाऊन बसा. जूनमध्ये करा, मार्चमध्ये नाही.

आणि पत्रिकेवर पाहुण्यांची नावं नाही छापलीत तरी सुटायची वेळ छापा. हॉल असो की शाळा, ठरवायच्या आधी एकदा स्वतः आत जाऊन संडास मोजून या.