सावित्रीबाईंनी रजा घेतली होती

नमस्कार भाऊ,

कार्यकर्त्यांच्या दमण्यावरच्या माझ्या मागच्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘दमणं ही पगारी कार्यकर्त्यांची चैन. सावित्रीबाई प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन धावल्या, त्यांनी कधी रजा मागितली होती का?’

घेतली होती, भाऊ. १८५६ साली आजारी पडल्यावर त्या नायगावला माहेरी जाऊन राहिल्या. १० ऑक्टोबरला तिथून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज छापील मिळतं. भावाने आजारपणात खूप केलं, पूर्ण बरी झाले की पुण्याला येते, असं त्यात आहे. (महार-मांगांना मदत करण्यावरून त्याच भावाशी वाद घातला, तेही त्याच पत्रात. अंथरुणातही बाई गप्प बसल्या नाहीत, एवढं तुमच्या बाजूने मान्य.) मी मात्र दरवेळी अडकते ती फातिमाच्या, म्हणजे पुण्यातल्या त्यांच्या सहकारी शिक्षिकेच्या, उल्लेखापाशी. तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलंय.

म्हणजे पुण्यातलं काम फातिमाच्या अंगावर पडलं होतं. आपल्या संस्थांमध्ये ते अंगावर घेणारी कुणी असते का? आणि असलीच, तर तिची नायगावला जायची पाळी कधी येते?

राहिला प्लेग. ती साथ होती, साथीत कुणी घड्याळ बघत नाही. आमच्या महिला मदत केंद्राकडे आलेली मारहाणीची केस सात-सात वर्षं कोर्टात चालते. तिला साथीचा नियम लावून कसं चालेल? ‘चंदनासारखं झिजावं’ हे सत्काराच्या शालीबरोबर मीही ऐकलंय. खोड झिजलं की देव्हाऱ्यात दुसरं आणतात, बस.

एका बाबतीत तुम्ही बरोबर आहात. मागच्या लेखात ध्यान आणि पहाटेचं फिरणं यावर मी पानभर लिहिलं. जिचं मानधन तीन महिने थकलंय तिने ते वाचून काय करावं? चुकलंच माझं. आणि खरं सांगायचं तर मीही त्याने सावरले नाही. केंद्राचा रात्रीचा फोन सहा वर्षं माझ्याच उशाशी असायचा. एकदा रात्री दीडला एका बाईवर ओरडले, ‘उद्या या.’ ती आलीच नाही. त्यानंतर फोन तिघींत पाळीने फिरायला लागला. बायका रागवायच्या, ‘आम्हाला ताईच पाहिजेत.’ ते ऐकून मला आतून बरं वाटायचं. माझा आजार तोच होता, हे कळायला वेळ लागला.

आता अडतंय ते पैशांपाशी. देणगीदार शिलाई मशीन देतात, त्यावर नाव रंगवून घेतात. तिसऱ्या बाईच्या पगारावर नाव कुठे रंगवणार? सध्या तिचं मानधन आम्ही दोघी आमच्यातून काढतो. तुमच्या ओळखीत पगारासाठी पैसे देणारं कुणी असेल तर केंद्राच्या नंबरवर नक्की कळवा. या आठवड्यात फोन माझ्याकडे नाही, पण जी उचलेल तिला सगळं माहीत आहे.