धूर सुटला, तंबाखू सुटली का?

"सिगारेट सुटत नाही? मग तंबाखू तोंडात धरा. धूर नाही म्हणजे धोका नाही. स्वीडनने हे सिद्ध केलंय, अमेरिकेने मान्यता दिलीय, धोका ९५ टक्क्यांनी कमी होतो. निकोटीनचे पॅच आणि च्युइंगम काही कामाचे नाहीत." अशा अर्थाचा मजकूर सर्रास पुढे ढकलला जातो.

मी दातांची डॉक्टर आहे. हा मजकूर मला एका पेशंटनेच खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइलवरून वाचून दाखवला. चौदा महिने त्याने सिगारेटला हात लावला नव्हता आणि ते सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. मग त्याने आ केला. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांशेजारी, जिथे तो दिवसभर चिमूट धरून ठेवायचा, तिथलं अस्तर पांढुरकं आणि सुरकुतलेलं झालं होतं, भिजून वाळलेल्या कागदासारखं. गॉझने पुसलं तरी पांढरेपणा जाईना. लगतच्या दाढेची हिरडी उतरून मूळ उघडं पडलं होतं. उजवा गाल आतून गुलाबी, नितळ.

त्याचे चौदा महिने खोटे नव्हते. सिगारेट सोडणं किती जिकिरीचं असतं हे मी रोज बघते. म्हणूनच त्या कष्टांच्या बदल्यात त्याच्या हाती काय ठेवलं गेलं, याचा राग येतो.

आता एकेक मुद्दा.

"धूर नाही म्हणजे धोका नाही." यातलं अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यातली सत्तरेक कर्करोगकारक. शिवाय कार्बन मोनॉक्साइड. फुप्फुसांची वाट लावतो तो धूरच, आणि तंबाखू तोंडात धरणाऱ्याच्या छातीत तो जात नाही. पण तंबाखूतलं विष जाळल्यावरच तयार होतं असं नाही. पान सुकवताना, मुरवताना, साठवताना जिवाणू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते नायट्राइट निकोटीन आणि त्याच्या भावंडांशी मिळून नायट्रोसमाइन नावाची कर्करोगकारक द्रव्यं बनवतं. काडी पेटवायची गरजच नाही. धूरविरहित तंबाखूत किमान २८ कर्करोगकारक द्रव्यं सापडली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत ठेवलं आहे. तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड या तिन्ही कर्करोगांची नावं त्यात आहेत.

हृदयाचं काय? ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाचे तंबाखूविषयीचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. तंबाखूला कधीच न शिवलेल्यांच्या तुलनेत, नुसती चघळणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता २.२३ पट निघाली. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ती २.९५ पट होती. दोन्ही करणाऱ्यांमध्ये ४.०९ पट. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा.

"स्वीडनने सिद्ध केलंय." या मजकुराचा सगळा डोलारा याच वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे थांबायला हवं. स्वीडनमधले पुरुष पिढ्यान् पिढ्या स्नुस, म्हणजे ओठाखाली ठेवायची ओलसर तंबाखू, वापरतात, त्यांच्यात धूम्रपान कमी आहे, आणि युरोपात फुप्फुसाच्या कर्करोगाचं त्यांचं प्रमाण सर्वांत कमी असलेल्यांत मोडतं. हे खरंच आहे. १९९२ मध्ये युरोपीय समुदायाने स्नुसच्या विक्रीवर बंदी घातली, आणि १९९५ मध्ये संघात येताना स्वीडनने त्यातून सूट मिळवली.

पण स्नुस म्हणजे काय? ती तंबाखू मुरवत नाहीत, वाफेच्या उष्णतेने तिच्यातले जिवाणू मारतात आणि पुढे ती थंड जागी ठेवतात. नायट्रोसमाइन किती असावं याची मर्यादा उत्पादकांनीच स्वतःवर घालून घेतली आहे. जिवाणूच उरले नाहीत, मग फारसं नायट्राइट कुठून येणार? आता 'धूरविरहित तंबाखू' या एका नावाखाली आणखी काय काय बसतं ते बघा. चुना लावून मळलेली खैनी, सुपारी घातलेला गुटखा, भाजून दातांना घासायची मशेरी, सुदानमधला तूंबाक. तूंबाकमध्ये नायट्रोसमाइन द्रव्यं स्नुसच्या शेकडो, कधी हजारो पट आढळली आहेत. गुटख्यातली सुपारी तर स्वतःच कर्करोगकारक आहे, आणि तिच्यामुळे तोंड आखडत जातं. उभी धरलेली तीन बोटं दातांमध्ये मावत नाहीत अशी माणसं माझ्याकडे येतात. एका पदार्थाचा अनुभव दुसऱ्याच्या पुडीवर चिकटवणं ही चूक साधी नाही. जीव जातो त्यात.

९५ टक्क्यांचा आकडाही असाच भरकटत आलेला. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये तो मांडला तो ई-सिगारेटबद्दल. तंबाखूपुरतं बोलायचं तर २००४ मध्ये काही तज्ज्ञांनी एकत्र बसून किमान ९० टक्क्यांचा अंदाज दिला होता. तो कमी नायट्रोसमाइनच्या तंबाखूपुरता होता आणि तुलना सिगारेटशी होती.

स्नुसही निरुपद्रवी नाहीच. स्वीडनमध्येच, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या स्नुस वापरणाऱ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी झटक्यानंतर स्नुस सोडला त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण न सोडणाऱ्यांच्या जवळपास निम्मं होतं. गरोदर बाईने तर यातलं काहीच जवळ करू नये.

"अमेरिकेने मान्यता दिलीय." ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने एकाच कंपनीच्या आठ स्नुस उत्पादनांना एवढंच म्हणायची मुभा दिली, की सिगारेटऐवजी हे वापरल्यास अमुक आजारांचा धोका कमी होतो. 'ऐवजी' हा शब्द सोडू नका. धूम्रपान सोडवण्याचं औषध म्हणून ही मान्यता नाही, आणि चघळायच्या सगळ्या तंबाखूलाही नाही.

"निदान सिगारेट कमी तरी होते." प्रत्यक्षात बहुतेक वेळा काय होतं ते मी ऐकते. जिथे ओढता येत नाही तिथे चिमूट, बाहेर पडलं की सिगारेट. तलफ दोन्हीकडून पोसली जाते. ते ४.०९ इथलं आहे. चुन्यासारख्या क्षारामुळे निकोटीन गालातून झपाट्याने रक्तात उतरतं, त्यामुळे व्यसनाची पकड सैल होत नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या २००७ मधल्या अभ्यासात सिगारेट सोडून चघळायच्या तंबाखूवर गेलेल्या पुरुषांची तुलना सगळंच सोडणाऱ्यांशी केली होती. बदल करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ८ टक्क्यांनी जास्त निघालं.

"पॅच आणि च्युइंगम काही कामाचे नाहीत." हे तर साफ खोटं. निकोटीनची ही औषधं घेतल्यावर सिगारेट सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते, आणि पॅचच्या जोडीला च्युइंगम दिलं तर आणखी वाढते. व्हेरेनिक्लिन या तलफ कमी करणाऱ्या औषधाच्या गोळ्यांचा परिणाम याहून ठळक आहे. निकोटीनची ही औषधं २००९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

काम होत नाही ते बहुधा चघळण्याच्या पद्धतीमुळे. निकोटीनचं च्युइंगम लोक साध्या च्युइंगमसारखं चावत सुटतात. निकोटीन पोटात जातं, उचक्या लागतात, घसा जळतो, आणि दुसऱ्या दिवशी पाकीट कचऱ्यात. ते हळूहळू चावायचं, जिभेला तिखटसर चुणचुण लागली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. चुणचुण ओसरली की पुन्हा चार-सहा वेळा चावायचं. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर २ मिलिग्रॅमचं पुरत नाही, ४ चं घ्यावं लागतं.

माझ्या त्या पेशंटला हेच करून दाखवलं. "डॉक्टर, जागा तीच की हो," तो म्हणाला. जागा तीच, पण त्या जागी आता तंबाखूचं पान नव्हतं. पांढऱ्या भागाचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्यात कर्करोग निघाला नाही. चिमूट बंद होऊन दहा आठवडे झाले तेव्हा सुरकुत्या बऱ्याच विरल्या होत्या. कडेचा एक नखाएवढा पट्टा अजून पांढराच आहे. तो बघायला मी त्याला दर तीन महिन्यांनी बोलावते.