निवांत प्रयोगाच्या तीन घंटा

माझ्या भाच्याने आजवर रंगमंचावरचं नाटक पाहिलंय ते जेमतेम सात-आठ मिनिटं. तो अकरा वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आणि त्याला नाटक आवडतं हे मी खात्रीने सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत ताई त्याला कोल्हापुरातच एका बालनाट्याला घेऊन गेली होती. तिथं तिसऱ्या घंटेच्या जागी कर्कश बझर होता. तो वाजला, त्याच क्षणी दिवे गेले, आणि भाच्याने दोन्ही हात कानांवर दाबून एक लांब सूर धरला. घाबरला की तो असा सूर धरतो, त्याने त्याला बरं वाटतं. पडदा उघडला, रंगीत जंगल दिसलं, तसा सूर बारीक झाला. हात कानांवरून निम्मे खाली आले. ताई सांगते, तो पुढे वाकून बघायला लागला होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "गप्प करा की त्याला." मग बाजूच्या रांगेतून आला. मग बॅटरी घेऊन एक माणूस आला आणि म्हणाला, "ताई, जरा बाहेर घेऊन बसा त्याला."

ताई उठली. बाहेरच्या पायऱ्यांवर भाचा अर्धा तास बंद दाराकडे बघत बसला होता. आतून टाळ्या ऐकू येत होत्या.

"परत न्हाई नेणार बाबा," ताई फोनवर म्हणाली. तिला काय उत्तर द्यावं ते मला त्या रात्री सुचलं नाही. आज सुचतंय ते लिहितोय.

त्या दिवशी कुणी दुष्टपणा केला असं मला वाटत नाही. मागच्या रांगेतल्या माणसाने तिकीट काढलं होतं, त्याला संवाद ऐकायचे होते. बॅटरीवाल्याला अशा वेळी काय करायचं हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं. भाच्याला नाटकाची कल्पना दिलेली नव्हती, आणि नाटकाला आलेल्या लोकांना भाच्याची. एवढंच झालं होतं, आणि एवढं भरून काढता येतं हे मी इथं लंडनला दर महिन्याला डोळ्यांनी बघतो.

लंडनला माझ्या घराजवळ एक छोटं थिएटर आहे. महिन्यातून दोन शनिवारी मी तिथं दारावर उभा राहतो, हौसेने. इथं 'रिलॅक्स्ड परफॉर्मन्स' हा प्रकार आता बऱ्यापैकी रुळलाय. नाटकाच्या नेहमीच्या खेळांपैकी एखादा खेळ वेगळ्या रीतीने करायचा. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण घालवायचे नाहीत, मंद ठेवायचे. बार, गडगडाट, किंकाळी यांचा आवाज उतरवायचा, डोळ्यांवर झपझप मारणारे दिवे काढूनच टाकायचे. दारं उघडी. कुणाला उठून जावंसं वाटलं तर जावं, परत यावं. कुणाच्या तोंडून आवाज निघाला तर निघू द्यावा. बाहेर एक शांत खोली, तिथं गाद्या, उशा, कमी उजेड. नाटक मात्र तेच, संवाद तेच, नट तेच. पाणी घालून पातळ केलेलं नव्हे. प्रेक्षकांत फक्त स्वमग्न मुलं असतात असंही नाही. टुरेट सिंड्रोम असलेली, म्हणजे ज्यांच्या हालचाली आणि आवाज आपोआप होतात अशी माणसं येतात, सेरेब्रल पाल्सी असलेली येतात, तान्ही बाळं घेऊन आया येतात. विस्मरण झालेले एक आजोबा येतात. त्यांना बायकोचं नाव आठवत नाही, पण गाणं सुरू झालं की ते सोबत गातात आणि त्यांना कुणी थांबवत नाही.

मी याला 'निवांत प्रयोग' म्हणतो. निवांत हा आपल्या कोल्हापूरचा रोजचा शब्द आहे, त्याचा अर्थ कुणाला समजावून द्यावा लागत नाही.

पण दारं उघडी ठेवली म्हणजे काम झालं, असं नाही. खरं काम आठवडाभर आधी सुरू होतं. तिकीट काढलेल्या घरांना फोटोंची एक पुस्तिका पाठवतात. एका पानावर एक फोटो, खाली एक-दोन साधी वाक्यं. हे थिएटरचं दार. या दारावर निळा शर्ट घातलेला माणूस तिकीट बघेल. हे स्वच्छतागृह, इथलं हात वाळवायचं यंत्र मोठा आवाज करतं, नको असेल तर शेजारी कागद आहेत. हा नट, आणि हाच नट राक्षसाच्या मुखवट्यात. दुसऱ्या प्रवेशात राक्षस ओरडतो, नंतर तो पळून जातो. गोष्टीचा शेवटसुद्धा आधीच सांगून टाकतात. आपल्याला वाटेल, मग बघण्यात राहिलं काय? पण पुढे काय होणार हे माहीत नसणं हाच ज्या मुलाच्या जिवाला त्रास आहे, त्याला शेवट माहीत असला की मग तो मोकळेपणी बघू शकतो. प्रयोग सुरू होण्याआधी नट एकेक करून पुढे येतात, आपलं नाव सांगतात, राक्षस मुखवटा काढून चेहरा दाखवतो आणि परत घालतो.

आम्हा दारावरच्या लोकांनाही आधी अर्धा तास बसवून सांगतात. पहिली सूचना नेहमी एकच: आज कुणालाही 'शू' करायचं नाही. आणि प्रेक्षकांतल्या कुणी दुसऱ्याला शू केलं, तर त्याच्यापाशी जाऊन, खाली वाकून, हळू आवाजात बोलायचं.

एकदा ती वेळ माझ्यावर आली. मध्यंतरात साठीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. मागच्या रांगेतली मुलगी नटाचं प्रत्येक वाक्य परत म्हणते, अशी त्यांची तक्रार होती. तिकिटावर लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ त्यांना कळला नव्हता. मी सांगितलं, ती वाक्य परत म्हणते तेव्हाच ते तिच्यापर्यंत पोचतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे ती ऐकतेय?" मी म्हटलं, "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त." उत्तरार्धात ते जागा न बदलता तिथंच बसले. त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं की, पुस्तिका मुलाच्या घरी जाते तशी ती शेजारच्या खुर्चीवरल्या माणसालाही मिळायला हवी. तो अधिक अडाणी असतो या बाबतीत, आणि त्याला ते माहीत नसतं.

हे सगळं इथं आभाळातून पडलं नाही. टुरेट असलेल्या जेस टॉम या कलावंत बाईंच्या तोंडून दिवसभरात हजारो वेळा आपोआप शब्द निघतात. 2011 मध्ये त्या एका कार्यक्रमाला गेल्या होत्या, लोकांनी तक्रार केली आणि त्यांना ध्वनियंत्रणेच्या खोलीत बसायला लावलं. पुन्हा थिएटरात पाऊल टाकायचं नाही असं वाटण्याइतका तो अपमान होता. मग त्या स्वतःच रंगमंचावर उभ्या राहिल्या, कारण तिथून त्यांना कुणी उठवणार नव्हतं. त्यांच्या संस्थेसोबत काम करून लंडनच्या बॅटरसी आर्ट्स सेंटरने 2020 मध्ये ठरवलं की, निवांतपणा एखाद्या प्रयोगापुरता ठेवायचा नाही, सगळी वास्तूच तशी करायची.

या बॅटरसीची आठवण मला 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आली. भावाने व्हिडिओ पाठवला होता, संगीत नाटकातले गायक नट केशवराव भोसले यांच्या नावाचं कोल्हापूरचं नाट्यगृह जळत होतं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर, आमच्या मंगळवार पेठेच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी इथं परक्या शहरात फोन हातात धरून रडलो. बॅटरसीचा मोठा हॉलही 13 मार्च 2015 ला असाच जळाला होता. तो 2018 मध्ये पुन्हा उघडला आणि निवांत वास्तूचा निर्णय त्यानंतरचा आहे. जळालेली भिंत बांधून झाल्यावर त्या लोकांनी आत कोण बसणार याचाही विचार केला.

आपल्याकडे आग विझल्यापासून एकच आग्रह ऐकतोय, जसं होतं तसं उभं करा. तो माझाही आग्रह आहे. ती कमान, तो रंगमंच, लाकडाचा तो वास मलाही परत हवा आहे. पण 'जसं होतं तसं' यात माझ्या भाच्याला जागा नव्हती. आणि सुगम्य वास्तू म्हटलं की आपली गाडी रॅम्पपाशी थांबते. रॅम्प हवाच. नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये जिथं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही अपंगांसाठीची संस्था उभी केली त्या शहराला चाकाच्या खुर्चीचं महत्त्व मी काय सांगणार? पण 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत. स्वमग्नता त्यात आहे आणि सांस्कृतिक जीवनाचं वेगळं कलमही आहे. भाच्याचे पाय धडधाकट आहेत. त्याला अडवलं ते पायऱ्यांनी नाही.

माझा एक मित्र राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी नाटक बसवतो. त्याला हे सांगितलं तर तो उसळलाच. "भावा, तिकडं बसून बोलायला सोपं आहे. आम्ही इथं मोबाईल बंद करा म्हणून घसा फोडतोय. नट प्रयोग थांबवून हात जोडतात तरी लोक ऐकत न्हाईत. आधी शिस्त लागू दे, मग तुझं निवांत."

त्याचा राग खरा आहे. रंगात आलेल्या प्रवेशात फोन वाजला की नटाला काय होतं हे मीही पाहिलंय. पण फोन बंद करणं हातात असतं, टुरेटचा शब्द हातात नसतो. दोन्हींना एकाच सूचनेत कोंबलं की बेपर्वा माणूस आणि घाबरलेलं मूल एका रांगेत उभे राहतात. निवांत प्रयोगातही फोन बंदच असतो. उलट माझा अनुभव असा की, इथं सगळ्यांत जास्त शिस्त याच प्रयोगाला दिसते. का उठतोय, का आवाज होतोय हे आधी सांगितलेलं असल्यामुळे लोक एकमेकांना सांभाळून घेतात.

शिवाय ही टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता आपल्याकडे किती जुनी? संगीत नाटकाच्या काळात रात्र रात्र प्रयोग चालायचे, वन्समोअर घेत पद पुन्हा गायलं जायचं, मुलं आईच्या मांडीवर झोपायची. कीर्तनात आजही माणसं येतात-जातात. आणि नाटक सुरू होण्याआधी सूत्रधार येऊन आज कोणतं नाटक, कुणाचं, कशावरचं हे सांगायचा, ते काय होतं? लंडनची फोटोंची पुस्तिका पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला सूत्रधारच आठवला. तीन घंटांचंही तेच. पहिली, दुसरी, तिसरी, मग पडदा. येणाऱ्या गोष्टीसाठी मनाला तयार करायची इतकी साधी, इतकी नेमकी रीत मला लंडनच्या थिएटरांत दिसली नाही. आपण तिचा बझर केला आणि मुलांना दचकवलं.

बाहेरून आणलेलं म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपात गेले, रोममधला प्राचीन आखाडा पाहिला, आणि 1912 पर्यंत खासबागेत आपल्या मातीचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं. नाट्यगृहाच्या भिंतीला लागूनच आहे ते.

इथलं सगळं आदर्श आहे असं मात्र मी म्हणणार नाही. महिनाभर चालणाऱ्या नाटकाचा निवांत प्रयोग बहुतेक वेळा एकच असतो, तो चुकला की संपलं. तिकीट महाग. मुलाला घेऊन येणारी आई बहुतेकदा एकटी असते, तिच्या चेहऱ्यावरची दमणूक मला दारावरून दिसते. कोल्हापुरात ताईसोबत आजी येईल, मावशी येईल, शेजारच्या काकू येतील. एक मूल बाहेर फिरवून आणायला चार हात असतील. ही आपली जमेची बाजू आहे आणि ती वापरायला पैसे लागत नाहीत.

पुढच्या सुट्टीत मी येईन तेव्हा एक प्रयोग करून बघायचं मित्राने कबूल केलंय. साठ खुर्च्या, दुपारची वेळ, दोन दारं उघडी. पुस्तिकेचा कच्चा खर्डा मी केलाय. खासबागेचा रिक्षा स्टॉप. चप्पल घालूनच आत जायचं. पडद्यामागे नारळ फुटेल, त्याचा आवाज येईल. धूपाचा वास येईल, नको वाटला तर डाव्या दाराने बाहेर. मध्यंतर पंधरा मिनिटं, वडे तळताना गर्दी असते, आपण शेवटी जायचं. पितळी घंटा तीनदा वाजेल, हळू.

ती घंटा मित्राने फोनवर टिपून पाठवली. ताई रोज संध्याकाळी सात वाजता ती बारीक आवाजात लावते. पहिले काही दिवस भाच्याने कान झाकले. मग दुसऱ्या घंटेपर्यंत झाकायचा. गेल्या रविवारी ताईने व्हिडिओ पाठवला. भाचा बोटांवर मोजतोय, एक, दोन, आणि तिसरी वाजल्यावर उठून खिडकीचा पडदा बाजूला सारतोय. मग समोर खुर्ची ओढून बसला. बाहेर शेजाऱ्यांची भिंत होती आणि एक उभी केलेली मोपेड. तो अकरा मिनिटं बसून होता, ताईने घड्याळ लावून मोजली.