कणीस आणि माझी दाढ

पन्नाशी ओलांडल्यावर माझ्या रक्तातली साखर थोडी वर सरकली आणि रंकाळ्यावरच्या आमच्या भेळेची जागा भाजलेल्या कणसाने घेतली. "अहो, शंभर ग्रॅम कोवळ्या मक्यात जेमतेम ८६ कॅलरी," असे सौभाग्यवतींनी जाहीर केले. त्याच शंभर ग्रॅममध्ये १९ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, हा उत्तरार्ध मी शोधून काढला. परंतु आमच्या घरात पूर्वार्धालाच मान्यता आहे.

"कवळं देऊ का निब्बर?" कणीसवाल्या मावशींनी विचारले. दाणा जून होत जातो तशी त्यातल्या साखरेची पिष्टमय पदार्थात रूपांतरे होतात, त्यामुळे प्रश्न वाटतो तितका साधा नाही. दाढेचा विचार करून मी "कवळं" म्हणेपर्यंत सौभाग्यवतींनी "निब्बरच द्या, चावायला लागलं पाहिजे" असा निकाल दिला होता. मावशींनी निखाऱ्यावर पंखा फिरवला, दाणे तडतडले, आणि तिखट-मिठात बुडवलेली लिंबाची फोड कणसावरून अशी फिरली की पथ्य क्षणभर विसरलो.

मक्याच्या दाण्याची साल म्हणजे तंतू. तो माणसाला पचत नाही, आणि म्हणूनच तो आतड्याला उपकारक ठरतो. माझा तंतू मात्र आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. तो उजवीकडची वरची दाढ आणि तिची कॅप यांच्यामध्ये मुक्काम ठोकतो. तळ्याकडे तोंड करून, सूर्यास्त पाहत असल्याचा आव आणत, मी जिभेने त्याच्याशी झुंजत होतो, तेवढ्यात मागून "काय पावणं, बरं हाय न्हवं?" अशी हाक आली आणि मला तोंड मिटूनच हसावे लागले. इकडे सौभाग्यवती मक्यातले ल्युटीन हे पिवळे रंगद्रव्य डोळ्यांच्या पडद्याला कसे हितकारक आहे, ते सांगत होत्या. माझ्या डोळ्यांची तक्रार कधीच नव्हती.

मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागावे म्हणून मेक्सिकोत तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात, हेही मला त्याच संध्याकाळी कळले. कोल्हापुरात चुना तंबाखूला लावतात, नाहीतर माणसाला. माझ्या बाबतीत काय घडत होते, हे मी ओळखून होतो.

शेवटच्या घासाला एक दाणा काही केल्या चावेना. तळहातावर घेऊन पाहिले, तर ती कॅप होती.

दंतवैद्यांनी आठवडाभर मऊच खायला सांगितले. दवाखान्याची पायरी उतरता उतरता सौभाग्यवती म्हणाल्या, "मग मक्याच्या किसाचा उपमा चालेल की!"