‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ : जुन्या विंडोजवरच्या त्या मेसेजला उत्तर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट, संपला. तेव्हापासून एक सल्ला देणारा मेसेज या ना त्या रूपात फिरतो आहे : जुन्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज कधीच टाकू नका, सपोर्ट संपणं ही नवी मशिन खपवायची युक्ती आहे, अँटिव्हायरस असला की पुरे, अपग्रेड केलंत तर मशिन रडेल आणि डेटा उडेल. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? यामागचा वैताग मला समजतो. सल्ला मात्र बहुतेकांसाठी चुकीचा आहे.

‘सपोर्ट संपला तरी काल चालत होतं तसंच आजही चालेल.’ चालेल की. धोका मात्र कालच्याइतका राहत नाही, वाढत जातो. विंडोज १० आणि ११ मधला बराच कोड एकच आहे. ११ च्या सुरक्षेतलं एखादं भोक बुजवलं की हल्लेखोर पॅचच्या (भोक बुजवणाऱ्या अपडेटच्या) आधीची आणि नंतरची फाइल शेजारी-शेजारी ठेवतात आणि नेमकं काय बदललं ते शोधतात. तेच भोक १० मध्ये उघडं राहिलं असेल, तर त्याचा पत्ता त्यांना आयता मिळतो.

‘मी भलत्या लिंकवर क्लिकच करत नाही.’ चांगली सवय आहे, सोडू नका. पण १२ मे २०१७ ला सुटलेल्या वॉनाक्रायला, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, कुणाच्या क्लिकची गरज नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून ते नेटवर्कवरच्या एका मशिनमधून दुसऱ्यात आपोआप शिरत होतं. त्यावरचा पॅच दोन महिने आधीच, १४ मार्चला आला होता. फटका बसलेल्यांत बहुसंख्य मशिन विंडोज ७ ची होती, म्हणजे तेव्हा सपोर्ट चालू असलेली. पॅच फक्त टाकलेला नव्हता. त्याहून जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला होता, तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने हल्ल्यानंतर घाईघाईने पॅच सगळ्यांना खुला केला. (‘बघा, शेवटी देतातच’ असं म्हणणाऱ्यांसाठी : तोवर लोकांच्या फायली कुलूपबंद झाल्या होत्या.)

‘अँटिव्हायरस आहे.’ तो ओळखीचे चोर पकडतो, भिंतीचं भोक बुजवत नाही. विंडोज १० वरच्या डिफेंडरला, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसला, नव्या व्हायरसांची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. अनेकांनी त्याचा अर्थ ‘२०२८ पर्यंत निर्धास्त’ असा लावला. पण त्या माहितीने कर्नलमधली, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातली, भोकं बुजत नाहीत.

‘ही सगळी युक्ती आहे.’ इथे मेसेजवाला निम्मा बरोबर आहे. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना होणारी तपासणी) आणि ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीचा रायझन २००० प्रोसेसर, विंडोज ११ च्या या अटींनी धडधाकट मशिनही बाद केली. राग रास्त आहे. पण काही मशिन केवळ बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) टीपीएम बंद ठेवलेलं असल्यामुळे नापास होतात. तेवढं चालू करून पीसी हेल्थ चेक, हे मशिन ११ ला चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप, पुन्हा चालवा. शिवाय १० वरच थांबायचं असेल, तर वैयक्तिक कॉम्प्युटरसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देणारी योजना कंपनीनेच जाहीर केली. नोंदणी न करता नुसतं बसून राहणं हा तिसराच प्रकार झाला.

‘मशिन रडेल.’ फिरती हार्ड डिस्क असेल तर रडेलच, पण ती १० वरही रडतच असते. आधी एसएसडी बसवा, रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, मग ठरवा. डेटाचं म्हणाल, तर इन-प्लेस अपग्रेडमध्ये, म्हणजे आहे त्या विंडोजवरच नवी टाकताना, फायली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात, आणि १० दिवसांत मागे फिरता येतं. तरीही बॅकअप घ्याच. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. फक्त ३२-बिट विंडोज १० वरून असं थेट जाता येत नाही. तिथे नव्यानेच इन्स्टॉल करावं लागतं.

एका बाबतीत मात्र मी मेसेजवाल्याच्या बाजूने आहे : अटी चुकवून ११ घुसवू नका. अशा मशिनला अपडेट मिळण्याची हमी नाही. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही अंगभूत सूचना (इन्स्ट्रक्शन) लागते. इंटेलच्या जुन्या कोअर २ ड्युओ प्रोसेसरमध्ये ती नाही, त्यामुळे ते मशिन बूटच होत नाही. तिथे लिनक्स मिंट, ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, इन्स्टॉल न करता. वायफाय, आवाज, प्रिंटर चालले तर ब्राउझर, मेल आणि लिखाणाचं काम नीट होईल. केवळ विंडोजवरच चालणारं अकाउंटिंगचं किंवा डिझाइनचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर हा मार्ग तुमचा नाही.

आणि जे मशिन एखाद्या जुन्या स्कॅनरसाठीच ठेवलंय, ज्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही, त्याला खरंच हात लावू नका. नेटची वायर तेवढी काढा, वायफाय बंद करा, आणि त्यातून बाहेर येणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशिनमध्ये उघडण्याआधी स्कॅन करा.