नाशिक सिडकोच्या काकांना उत्तर: लवाद म्हणजे श्रीमंतांचं कोर्ट?

काका, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं, लवाद (कोर्टाऐवजी त्रयस्थ माणसाकडून वाद सोडवून घेणं, आणि तो माणूसही लवादच) म्हणजे श्रीमंतांचं कोर्ट, लवाद कंपनीचाच माणूस, एवढं करून शेवटी कोर्टाची पायरी चढावी लागतेच, तुमच्या भाडेकरूचं काय, आणि वर मी वकिलांची जाहिरात करतोय. जाहिरातीचं सोडा, माझ्या वकिलाने अजून मला चहासुद्धा स्वतःच्या पैशाने पाजलेला नाही.

खर्चाबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. अंबडमधल्या एका कंपनीकडे माझे जॉबवर्कचे (त्यांचं काम करून दिल्याचे) 14 लाख अडकलेले. 1996 च्या लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या तक्त्याप्रमाणे तेवढ्यावर लवादाची फी होते 76,500, एकच लवाद असला की वर 25 टक्के, म्हणजे 95,625, ती दोघांत निम्मी निम्मी, वकील वेगळा. दीड-दोन लाखांसाठी हे करू नये, तिथे लोकअदालत बरी.

पण कंपनीचाच माणूस, हे आता चालत नाही. माझ्या पीओच्या (कंपनीने दिलेल्या ऑर्डरच्या) मागच्या पानावर बारीक अक्षरात होतंच की लवाद कंपनीचे एमडी नेमतील आणि ठिकाण चेन्नई. सही करताना मी वाचलंच नव्हतं, कोण वाचतं हो, गाडी गेटवर उभी असते. वकिलाने त्या ओळीखाली पेन्सिल ओढली आणि म्हणाला, 2015 ची दुरुस्ती आणि 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा, ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही. तसं पत्र गेलं, कंपनीवाले नरमले, एक रिटायर्ड जिल्हा न्यायाधीश दोघांनाही मान्य झाले आणि बैठका गंगापूर रोडला घ्यायचं लेखी ठरलं. नाहीतर नेमणुकीसाठी मद्रास हायकोर्टात अर्ज, म्हणजे ट्रेनचं तिकीट आधी काढा.

दुसऱ्याच बैठकीत कंपनीने रिजेक्शनची डेबिट नोट (माल खराब म्हणून पैसे कापल्याचा कागद) पुढे केली. न्यायाधीश साहेबांनी आमची माल पोचवल्याची चलनं एकेक उलटली, प्रत्येकावर त्यांच्याच गेटचा इनवर्ड शिक्का, आणि विचारलं, माल खराब होता तर परत का नाही पाठवला? त्यांचा अकाउंटंट फाईलमध्येच बघत बसला. सीबीएसजवळच्या जिल्हा कोर्टात या एका प्रश्नापर्यंत यायला मला किती तारखा लागल्या असत्या देव जाणे, इथे बाजू लेखी मांडून झाल्या की निकालाला 12 महिने, दोघांची संमती असेल तर अजून 6.

राहिलं शेवटी कोर्ट. हो, त्याच कायद्याच्या कलम 34 खाली तीन महिन्यांत लवादाच्या निवाड्याला कोर्टात आव्हान देता येतं. पण कोर्ट पुरावा पहिल्यापासून तपासत नाही, आणि 2015 नंतर नुसता अर्ज टाकला म्हणून वसुली थांबत नाही, स्टे (स्थगिती) वेगळा मागावा लागतो.

आणि तुमच्या भाडेकरूचं म्हणाल तर तिथे लवाद उपयोगाचा नाही. भाडे नियंत्रण कायद्याखालचा भाडेकरू काढायचा तर कोर्टच, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय, करारात लवादाचं कलम घातलेलं असलं तरी. त्यासाठी सीबीएसच गाठा, आणि पार्किंग मिळत नाही, रिक्षाने जा.