नव्वद टक्के कशाचे?

नीटच्या निकालाचे दिवस आले की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक वाक्य हमखास पडतं: 'तुमच्याकडे बरं आहे, पोरांचं नशीब एका दुपारवर टांगलेलं नसतं.' २०२४ साली तर ते रोज पडत होतं. पेपर फुटल्याच्या बातम्या, पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण, दीड हजारावर मुलांना दिलेले वाढीव गुण, मग त्यांची फेरपरीक्षा. शेवटी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सगळी परीक्षा रद्द करायला नकार दिला. लातूरच्या दादाची धाकटी त्याच वर्षी बसली होती. इकडे न्यू जर्सीत आमच्या लेकीलाही डॉक्टर व्हायचं होतं, आणि आम्ही तिच्यासाठी विज्ञानाची चांगली कॉलेजं पाहत हिंडत होतो. त्यामुळे ते 'बरं आहे' मला काही पचेना.

इथे बारावीनंतर थेट मेडिकल नाही. काही मोजके सात-आठ वर्षांचे जोड अभ्यासक्रम सोडले, तर आधी चार वर्षांची पदवी. प्री-मेड, म्हणजे मेडिकलआधीची तयारी, ही बहुतेक ठिकाणी वेगळी पदवी नसतेच. पदवी कशातही घ्या, पण जीवशास्त्र, सामान्य रसायन, ऑरगॅनिक म्हणजे सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र, सगळं प्रयोगशाळेसह, आणि वर बायोकेमिस्ट्री एवढं उरकलेलं हवं. मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तास. एमडीसाठी (इथली डॉक्टरकीची पहिलीच पदवी, तिकडच्या एमबीबीएससारखी) वर्षाला साधारण ५२ हजार अर्ज येतात आणि २३ हजार मुलांना जागा मिळते. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, म्हणजे जवळपास निम्म्यांना मिळते की! आमच्याकडे तेवीस लाखांत लाखभर जागा."

हिशेब बरोबर आहे, पण मोजायला सुरुवात कुठून करायची? अर्जापर्यंत पोचण्याआधीच कितीतरी पोरं गळालेली असतात. बरीचशी ऑरगॅनिकच्या वर्गात. २०२२ साली न्यूयॉर्क विद्यापीठात या विषयाच्या ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी गुणांबद्दल आणि शिकवण्याबद्दल तक्रारअर्ज केला, आणि मेटलंड जोन्स या बुजुर्ग प्राध्यापकांना विद्यापीठाने काढून टाकलं. विषय अवघड असणारच, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्या एका विषयातल्या 'सी' श्रेणीने डॉक्टर होण्याचा रस्ता बंद होतो की काय, ही पोरांची धास्तीही खोटी नव्हे.

एका कॉलेजात माहिती देणाऱ्या बाई कौतुकाने सांगत होत्या, आमच्या अर्जदारांपैकी नव्वद टक्के मेडिकलला जातात. लेकीने हात वर केला: पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून किती येतात? बाई हसल्या. म्हणाल्या, पुष्कळांच्या आवडी बदलतात. आवडी कशा बदलतात ते मग कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने उलगडून सांगितलं. तिथे अर्जासोबत कॉलेजच्या समितीचं पत्र जातं. गुण बेताचे असले की समिती पत्र द्यायलाच नाखूश असते. मग जे उरले, त्यांचे ते नव्वद टक्के. लातूरच्या चौकातल्या क्लासच्या फलकांवर गुणवंतांचे फोटो असतात, बॅचमध्ये एकूण किती होते ते नसतं. त्यातलीच ही गत.

दुसरं एक कॉलेज छोटं, नात्यात कोणी नावही ऐकलं नसेल असं. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. आत पंधरा-वीस मुलं. एका मुलीच्या फ्लास्कमध्ये स्फटिकांऐवजी तेलकट थेंब जमले होते आणि ती रडकुंडीला आली होती. खुद्द प्राध्यापिकाबाई शेजारी उभ्या राहून तिला काचेच्या कांडीने फ्लास्कची आतली बाजू खरवडायला सांगत होत्या. थोड्या वेळाने पांढरे कण धरू लागले, तेव्हा ते का धरले हेही तिच्याकडूनच वदवून घेतलं. मला विचाराल तर विज्ञानाचं चांगलं कॉलेज म्हणजे एवढंच. क्रमवारीचे आकडे नंतर.

दादाच्या धाकटीचं कॉलेज 'इंटिग्रेटेड'. म्हणजे दिवसभर क्लास, कॉलेजात फक्त नाव. टायट्रेशन तिने बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि ३० पैकी २९ मिळाले.

गावाकडे आता काही जण म्हणतात, नीट मोडीत काढा, अमेरिकेसारखं मुलाचं सगळं बघून प्रवेश द्या. याला माझा साफ विरोध आहे. इथे 'सगळं' म्हणजे डॉक्टरांच्या मागे हिंडलेले तास, दवाखान्यातली सेवा, संशोधनाचा अनुभव. आमच्या ओळखीतल्या डॉक्टरांच्या मुलांना ते एका फोनवर मिळतं. ट्रक चालवणाऱ्या बापाच्या मुलीने कोणाला फोन करायचा? हेच लातुरात आणलं तर त्याला वशिल्याशिवाय दुसरं नाव राहणार नाही. पेपर न फुटणारी नीट त्याहून कितीतरी न्यायाची.

हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. इथे प्री-मेडमधून गळालेल्या मुलाच्या हातात रसायन किंवा जीवशास्त्राची खरी पदवी उरते. न्यू जर्सीतल्या औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा त्यावर चालतात. तिकडे दोनदा रिपीट केलेल्या पोरीकडे एमसीक्यूचे गठ्ठे असतात, आणि पिपेट धरता येत नाही.

लेकीने शेवटी राज्याचं विद्यापीठ घेतलं. छोट्या कॉलेजची फी झेपली असती, पण मेडिकलचं कर्ज दोन लाख डॉलरच्या घरात जातं, तेव्हा आत्ताच कशाला रिकामं व्हायचं, हा तिचाच हिशेब. व्याख्यानाला शेकड्यांनी पोरं असतात. प्रयोगाचे गट मात्र लहान आहेत, ते तिने आधी जाऊन पाहिलं होतं.

दादाचा मुलगा यंदा दहावीला आहे. परवा वहिनीने विचारलं, अकरावीसाठी कॉलेजात जाऊन नक्की काय बघू? मी म्हटलं, जूनमध्ये नको, ऐन नोव्हेंबरात एखाद्या मंगळवारी न सांगता जा, आणि प्रयोगशाळेला कुलूप आहे का बघ.